गाभाऱ्यावरचा अँकर

“तुमच्या देवाला खिळा चालत नाही का?”

गुरुवारी सकाळी फोन उचलला आणि हॅलोच्या आधी हा प्रश्न आला. फोन विल्सनचा होता. विल्सन रूफर आहे, म्हणजे छपरं दुरुस्त करणारा. मूळचा इक्वेडोरचा. मी न्यू जर्सीत कामगारांच्या एका संस्थेत नोकरी करते. उंचावर काम करणारी माणसं पडू नयेत म्हणून त्यांचे वर्ग घेते, आणि त्यांचे मालक ऐकत नसले की मालकांशी भांडते. वर्ग स्पॅनिशमध्ये चालतात. विल्सन त्या वर्गात बसून गेलेला. प्रश्न त्यानं टोमणा म्हणून विचारला नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती.

“कुठे आहेस तू?”

“तुमच्या लोकांच्या देवळावर. छपरावर. माझा दोर जिथे बांधायला हवा, तिथे बांधू देत नाहीत. म्हणतात, खाली देव आहे.”

मी लॅपटॉप बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली.

आमचं देऊळ पार्सिपनीपासून थोडं पुढे आहे. देऊळ म्हणजे एक जुनं चर्च. माणसं येईनाशी झाली की इथे चर्च विकायला निघतं आणि आपले लोक ते घेतात. आत कार्पेट बदलतं, ऑल्टरच्या जागी गाभारा येतो, तळघरात किचन होतं. बाहेरून चर्च तसंच राहतं. आमच्याकडेही तसंच. छप्पर उभ्या उताराचं, वर शिंगल्स, म्हणजे डांबरी फळकुटं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसवलेली. एका बाजूच्या भिंतीला लागून विटांचा घंटेचा मनोरा. घंटा चर्चवाले घेऊन गेले, मनोरा राहिला. आत गणपती.

त्या उन्हाळ्यात बरोबर गाभाऱ्याच्या वरच छप्पर गळायला लागलं. मूर्तीच्या मागे बादली ठेवावी लागायची. आरती चालू असताना मधेच टप्प असा आवाज. गणेशोत्सव तोंडावर आलेला. कमिटीनं घाईघाईनं कॉन्ट्रॅक्टर बघितला, माइक नावाचा. माइकनं विल्सनला वर चढवलं.

मी पार्किंग लॉटमध्ये उतरून वर बघितलं. विल्सन गाभाऱ्याकडच्या टोकाला, उतारावर खाली, जवळजवळ पन्हळीपाशी. अंगात हार्नेस. हार्नेस म्हणजे छाती-खांदे-मांड्यांभोवतीचे पट्टे. पाठीवर एक कडी, कडीला दोर. दोराचं दुसरं टोक अँकरला. अँकर म्हणजे छपराच्या वाशात भक्कम ठोकलेली लोखंडी पट्टी आणि तिला कडी. इथला नियम सांगतो की अँकरनं एका माणसामागे पाच हजार पौंड वजन तोललं पाहिजे. कारण पडणारा माणूस त्याच्या वजनाइतका राहत नाही, झटका बसतो तेव्हा तो कित्येक पटींनी जड होतो. हे सगळं जागेवर होतं. फक्त अँकर विल्सनच्या डोक्यावर आढ्याला नव्हता. तो छपराच्या दुसऱ्या टोकाला होता, जिथे खाली चपला ठेवायची खोली आहे. दोर तिथून तिरपा, सगळं छप्पर ओलांडून विल्सनपर्यंत आलेला.

एखाद्याला झोपाळ्यावर बसवा, झोपाळा बाजूला लांबवर ओढा आणि सोडून द्या. माणूस खाली पडणार नाही. आडवा जाईल, जोरात जाईल आणि वाटेत जे असेल त्यावर आपटेल. आमच्या धंद्यात याला स्विंग फॉल म्हणतात. दोर तुटत नाही, हार्नेस फाटत नाही, सगळं सामान आपापलं काम चोख करतं आणि माणूस मोडतो. विल्सनच्या वाटेत काय होतं? मनोरा. विटांचा, कोपरा पुढे आलेला.

“अगं सई! वर्किंग डेला इकडे कुठे?”

बोरकर काका. बिल्डिंग कमिटीचे चेअरमन. रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनीअर, आयुष्यभर पूल डिझाइन केलेले. मी बारा वर्षांची असताना आईबाबांबरोबर नाशिकहून इथे आले, तेव्हा मराठी शाळेत मला न्यायला-आणायला त्यांचीच गाडी यायची. मागच्या सीटवर काकूंनी ठेवलेला चिवड्याचा डबा असायचा. म्हणजे भांडायला अवघड माणूस.

“काका, त्याचा दोर कुठे बांधलाय बघितलंत?”

“बांधलाय ना? मग झालं. हार्नेसशिवाय कोणालाही वर सोडायचं नाही, हा माझा रूल आहे. मी स्वतः चेक केला.”

“आणि त्याच्या बुटांवर निळं निळं काय आहे ते?”

“शू-कव्हर्स. घरी प्लंबर आला की आपण देतो ना, तसली. देवाच्या डोक्यावर बूट घालून कसं फिरू द्यायचं? अनवाणी म्हणावं तर छप्पर तापतं, बिचाऱ्याचे पाय भाजतील. म्हणून हा मधला मार्ग काढला. आपल्या एका डॉक्टरांनी अख्खा बॉक्स आणून दिला.”

काका हे अभिमानानं सांगत होते. माणसाच्या पायांचा विचार केला होता, हे मला मान्य करावं लागलं. भाजू नयेत एवढाच केला होता. उभ्या उताराच्या छपरावर, रबरी तळाच्या बुटांवर, प्लास्टिकच्या गुळगुळीत पिशव्या. मी या धंद्यात बरंच काही बघितलंय. दोर चिमणीला गुंडाळलेले बघितलेत, सॅटेलाइट डिशला बांधलेले बघितलेत. पिशव्या पहिल्यांदाच बघितल्या.

मी खालूनच ओरडून विल्सनला त्या काढायला सांगितल्या. त्यानं माइककडे बघितलं. माइक ट्रकला टेकून कॉफी पीत होता.

“कस्टमरला हवंय,” माइक म्हणाला.

“कस्टमरला तो पडायला हवाय का?”

“मॅडम, मी इथे कुणाच्या धर्मात पडत नाही.”

हा माणूस धर्मात पडत नव्हता. कायदा मात्र त्याच्या गळ्यात होता. बांधकामात सहा फुटांच्या वर काम असेल, तर माणूस पडणार नाही याची सोय कामावर ठेवणाऱ्यानंच करायची. कस्टमरची हौस हे कारण त्यात लिहिलेलं नाही. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं खांदे उडवले आणि काकांकडे बोट दाखवलं. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “ठीक आहे, कव्हर्स काढा. पण बूट आधी पुसून घ्या म्हणावं.”

विल्सननं छपरावर बसून बूट पुसले. खरंच पुसले. मला वाटलं, चला, ऐकतायत. अर्धं काम झालं.

“आता अँकर, काका. तो इकडे घ्यायला हवा. त्याच्या डोक्यावर, आढ्याला.”

“ते नाही होणार.”

“सहा-आठ खिळे ठोकायचे आहेत फक्त.”

“अगं, बरोबर खाली मूर्ती आहे. देवाच्या डोक्यावर खिळे ठोकायचे? आणि त्याला माणूस लोंबकळणार?”

“तो पडला तर आपटेल कुठे, ते बघा. तो मनोरा बघा.”

“पेंड्युलम तू मला शिकवू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून शिकलोय मी ते.”

म्हणजे त्यांना कळत होतं. मी समजावून सांगायच्या तयारीनं आले होते. माझी सगळी तयारी अशा माणसांसाठी असते ज्यांना माहीत नसतं. माहीत असून नको म्हणणाऱ्याला फळ्यावर काढून दाखवायला माझ्याकडे चित्रं नव्हती.

“काका, शिंगल्स बसवणार त्या कशा? गोंदानं? त्यांनाही खिळेच लागणार. त्याच जागी.”

“ते वेगळं. ते छपराचे खिळे. छप्पर देवाचं आहे. हे तू म्हणतेस ते माणसासाठी झाले.”

हे त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. काका दुष्ट नाहीत. कोणाच्या घरी कोणी गेलं की पहिला डबा त्यांच्या घरून जातो. पण वाक्य हेच होतं, आणि बोलताना ते जराही अडखळले नाहीत.

मग माइकला विचारलं, मचाण का नाही बांधत? मचाण असलं तर दोराचा प्रश्नच उरत नाही. तो म्हणाला, मचाण सोमवारशिवाय मिळत नाही आणि यांना काम या आठवड्यात हवंय. माणसाला पाळण्यात बसवून वर उचलणारी लिफ्ट-गाडी आणायची तर त्या बाजूची जमीन उतरती आणि मऊ, लिफ्टच कलंडेल. हे खरं होतं. म्हणजे दोनच रस्ते: अँकर गाभाऱ्यावर घ्या, नाहीतर सोमवारपर्यंत थांबा.

मी बूट काढून आत गेले. म्हटलं, देवाच्या बाजूनं कोणालातरी विचारू.

गुरुजी तळघरात प्रसादाच्या सामानाची खोकी लावत होते. वाईचे. वय माझ्याएवढंच असेल. इथे येऊन दोन वर्षं झाली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी खोकं खाली ठेवलं.

“ताई, यात अडचण काहीच नाही. देवळाची दुरुस्ती काय आज पहिल्यांदा होतेय? गाभाऱ्याचं काम निघालं की मूर्तीतलं देवत्व कलशात घ्यायचं. विधी आहे त्याला. कलश बाजूच्या खोलीत नेऊन ठेवायचा, रोजची पूजा कलशाची. काम संपलं की देव पुन्हा मूर्तीत. मधल्या काळात खिळे ठोका, भोकं पाडा, काय हवं ते करा. खाली फक्त दगड असतो.”

“किती वेळ लागतो?”

“सकाळी बसलो तर दुपारच्या जेवणाआधी होतं.”

“मग करा ना! आत्ता करा!”

“कमिटीनं सांगितलं पाहिजे.”

“तुम्ही सांगा कमिटीला. तुमचा शब्द आहे त्यात. त्यांना काय कळतंय?”

गुरुजी खोक्यावरची टेप सोलत बसले. मग हळूच म्हणाले, “माझा व्हिसा त्यांच्या सहीवर आहे, ताई. बायको-मुलगी पुढच्या महिन्यात यायच्यात.”

धर्म जाणणारा एकच माणूस त्या इमारतीत होता, आणि त्याची अवस्था विल्सनपेक्षा फार निराळी नव्हती. दोघांचेही दोर दुसऱ्याच्या हातात. तरी ते माझ्याबरोबर वर आले. पार्किंग लॉटमध्ये, उपरणं सावरत, काकांसमोर उभे राहिले. याबद्दल मी त्यांना मानते.

“काका, शास्त्रात सोय आहे,” ते म्हणाले. आणि सांगितली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर आहे. मला माहीत आहे तो विधी. मूर्ती बसवल्यापासून मीच सगळं बघतोय ना. पण गुरुजी, श्रावण चालू आहे. शनिवार-रविवारी सामुदायिक सत्यनारायण आहे. लोक दोन-दोन तास ड्राइव्ह करून येतात. त्यांना काय सांगायचं, मूर्तीत देव नाही, दर्शन कॅन्सल केलं?”

“कलशाचं दर्शन घेता येतं,” गुरुजी म्हणाले.

“लोकांना मूर्ती लागते हो. फोटो काढायचे असतात. इंडियात व्हिडिओ कॉल लावतात, आजी-आजोबांना दाखवतात.”

“मग सोमवारी करा,” मी म्हणाले. “सोमवारी मचाण पण येतंय. तोवर काम थांबवा.”

“आणि शनिवारी पाऊस आला तर? सत्यनारायणात बादली ठेवायची?”

“ठेवा. बादली पडली तर कुणाचा खुबा मोडत नाही.”

काकांचा चेहरा उतरला. “सई, तू हल्ली फार कडवट बोलायला लागलीस. आपल्याच लोकांशी तरी जरा सांभाळून बोलावं. तुझ्या युनियनच्या पद्धतीनं इथे नाही चालत.”

“मी युनियनमध्ये नाही, काका.”

“जे काय असेल ते.”

गुरुजी मधे पडले नाहीत. ते वर बघत होते. वर विल्सन आमची भाषा न कळता आमच्याकडे बघत होता. त्याच्याबद्दल तिथे मराठीत बराच वेळ चर्चा झाली. त्याला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी मी माइकलाच धरलं. त्याला म्हटलं, तुझ्या माणसाला असं वर ठेवलंस तर मी सरकारी सेफ्टी ऑफिसला आत्ता फोन लावते. तो चिडला, शिव्या घातल्या, आणि मग ताडपत्री ओढून घ्यायला सांगून काम सोमवारपर्यंत बंद ठेवतो म्हणाला. माझ्यासमोर विल्सनला खाली उतरवलं. शिडी ट्रकवर चढवली.

विल्सन खाली येऊन माझ्याशी बोलला तो हसून. “तुमचा देव कडक आहे.”

“देव नाही रे. देवाचा बिल्डिंग मॅनेजर.”

मग हसू गेलं. “तक्रार करू नकोस हां. तक्रार केलीस तर आज हे काम थांबेल आणि उद्या माझं.”

मी त्याला शब्द दिला नाही. ऑफिसला जाऊन तक्रार केली. नाव न सांगता करता येते, कामगाराचं नाव तर लागतच नाही. त्यांनी लिहून घेतलं, लवकरात लवकर येतो म्हणाले. इन्स्पेक्टर मोजके आणि छपरं बेसुमार, त्यामुळे त्या ‘लवकर’चा अर्थ मला ठाऊक होता. पण मधे सोमवार होता. मचाण होतं. मला वाटलं, निभावेल.

शुक्रवारी दुपारी विल्सनच्या मेहुण्याचा फोन आला. तो त्याच टोळीत होता, शिडी धरायला. काय बोलतोय ते आधी कळेना. मागे सायरन वाजत होता.

मागाहून तुकडे जोडले ते असे. सकाळी काकांनी फोनवर शनिवारचं हवामान बघितलं. वादळी पाऊस. त्यांनी माइकला फोन केला. एवढा एकच पट्टा राहिलाय, दोन तासांचं काम, आजच उरकून टाका. माइकला पुढच्या कामावर जायचं होतंच. विल्सनला हार्नेस घालून वर पाठवलं. दोर त्याच जुन्या अँकरला, लांबच्या. गाभाऱ्यावरच्या शिंगल्स उचकटल्यावर खालचं प्लायवुड गळून गळून कुजलेलं निघालं. त्यावर पाय पडला, फळी खचली, पाय सटकला.

दोर तुटला नाही. हार्नेस फाटला नाही. अँकर जागचा हलला नाही. विल्सन पन्हळीवरून गेला, भिंतीच्या कडेनं आडवा झुलला आणि मनोऱ्याच्या कोपऱ्यावर डाव्या खुब्यानं आपटला. मग तिथेच लटकत राहिला. लोकांना वाटतं, लटकला म्हणजे वाचला. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या मांड्या पट्ट्यांनी आवळल्या जातात, रक्त पायात अडकतं, फार वेळ गेला तर त्यानंच मरतो. त्याला लगेच उतरवावं लागतं. मेहुण्यानं शिडी लावून त्याला खालून उचलून धरलं आणि फायर ब्रिगेड येईपर्यंत तसाच धरून ठेवला. हे मी त्यांना वर्गात शिकवलं होतं. शिकवलेलं एवढंच त्या दिवशी उपयोगी पडलं.

हॉस्पिटलमध्ये काका माझ्या आधी पोचले होते. हातात कागदी पिशवी.

“वाचला गं,” ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. “देवाची कृपा. हार्नेस होता म्हणून वाचला.”

“काका, त्याचा खुबा फुटलाय. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय.”

“हो, पण जीव तर वाचला. मी म्हटलं होतं ना, हार्नेसशिवाय वर सोडायचं नाही.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. कॉरिडॉरमध्ये विल्सनची बायको बसली होती, म्हणून ओरडले नाही. काकांनी पिशवी तिच्यासमोर धरली. लाडू होते, प्रसादाचे. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, गोड आहे, देवाचं आहे. तिनं पिशवी घेतली आणि विचारलं, हे त्याला दिलं तर चालेल का? मी म्हटलं, नको, त्याला ऑपरेशनला नेतायत, पोट रिकामं लागतं. मग ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. काका तिला मराठी वळणाच्या इंग्रजीत धीर देत होते. तिला इंग्रजी येत नव्हतं. त्यातलं मी तिला काहीही सांगितलं नाही.

शनिवारी सत्यनारायण झाला. पाऊस आला. उघड्या पडलेल्या छपरातून गाभाऱ्यात धार लागली. मूर्तीवर प्लास्टिक टाकून आरती केली, असं आईनं सांगितलं. फोटो कोणीच काढले नाहीत.

पुढचं सगळं भराभर झालं, आणि खरा संताप मला त्याचाच येतो. इन्शुरन्स कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. त्यानं लिहून दिलं: आढ्यावर, कामाच्या जागेच्या थेट वर, कायमचे अँकर बसवा, त्याशिवाय छपरावर कोणालाही पाठवायचं नाही, नाहीतर पॉलिसी रद्द. कमिटीची मीटिंग झाली. कोणी शास्त्र काढलं नाही. श्रावण काढला नाही. मंगळवारी सकाळी गुरुजींनी देव कलशात घेतला, कलश लायब्ररीच्या खोलीत ठेवला. दुपारी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी गाभाऱ्यावर स्टेनलेस स्टीलचे अँकर ठोकले आणि त्यांना दोर बांधून छप्पर पुरं केलं. गुरुवारच्या आरतीला देव मूर्तीत होता. मधल्या दिवसांत दर्शनाला जे आले त्यांनी कलशाला नमस्कार केला. कोणाचीही तक्रार आली नाही.

म्हणजे होत होतं. सगळं होत होतं. माणसासाठी नव्हतं, पॉलिसीसाठी होतं.

सेफ्टी ऑफिसचा इन्स्पेक्टर त्याच आठवड्यात आला. दंड माइकला झाला. त्यानं कंपनीचं नाव बदललं आणि कामं चालू ठेवली. देवळावर काही आलं नाही, कारण कायद्यानं विल्सन त्यांचा कोणी नव्हता. गुरुजींची बायको-मुलगी आल्या. त्याचा मला खरंच आनंद झाला.

विल्सनच्या खुब्यात प्लेट आणि स्क्रू आहेत. डावा पाय आखूड झाला. छपराचं काम सुटलं. एका गोदामात स्टुलावर बसून पाकिटांवर लेबलं चिकटवतो. मी भेटायला गेले की चहा करतो आणि माझ्या लोकांबद्दल एक अक्षर बोलत नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या अँकरचा फोटो आला. वर निळं आकाश, खाली चकचकीत कडी. काकांनी लिहिलं होतं: आपलं मंदिर आता फुल्ली सेफ्टी कम्प्लायंट. खाली हात जोडलेले, टाळ्यांचे, फुलांचे इमोजी. दोन दिवसांनी काकांचा फोन. मंडळ माझा सत्कार करणार होतं, शाल-श्रीफळ देऊन. “तू आधीच सांगितलं होतंस, हे आम्ही मोकळेपणानं मान्य करतो,” ते म्हणाले.

“विल्सनला बोलावताय का?”

“अगं, बोलावलं असतं. पण हॉलला पायऱ्या आहेत. त्याला चढायला त्रास होईल.”

मी गेले नाही. काका त्यावरून रागावले. आईला म्हणाले, पोरगी चांगली आहे पण तिला आपल्या माणसांची किंमत नाही.

माझे शनिवारचे वर्ग चालू आहेत. त्यात आता अर्धा तास फक्त या एका गोष्टीला देते. हार्नेस घातला की माणूस सुरक्षित झाला, असं समजू नका. तो ज्याला बांधलाय ते तुमच्या डोक्यावर, थेट वर हवं. बाजूला असेल तर तुम्ही पडणार नाही, फेकले जाल. आणि दोर कुठे बांधायचा हे छपरावर न चढणारा माणूस ठरवत असेल, तर शिडीला हात लावू नका. त्यानं कारण काहीही सांगू दे. कारणं चांगलीच असतात. देवाचं असेल, शेजाऱ्याचं असेल, नव्या रंगाचं असेल. ज्याला खाली उभं राहायचंय, त्याच्याकडे कारणांची कमी नसते.

परवा मागच्या रांगेतला एक जण हात वर करून म्हणाला, “शिडीला हात नाही लावला तर उद्या काम कोण देईल?”

वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फळ्यावर अँकरचं चित्र काढलं होतं, त्याच्याकडे बघितलं. मग त्याला खरं ते सांगितलं: त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.